पाटी, पुडा आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात मी म्हटलं होतं, की पाटी, पुडा, पत्रिका, लोगो यांबद्दल मनात असेल ते विचारा. पत्रं भरपूर आली. सगळ्यांना इथे जागा नाही, म्हणून सहा निवडली आणि थोडी आटोपशीर केली. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत सव्वीस वर्षं ग्राफिक डिझाइनचं काम करते. वडील इथल्याच एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवता जुळवता ते मला उलटी अक्षरं वाचायला शिकवत. त्यामुळे लोगोबद्दल विचारलंत, तरी माझं बोलणं अक्षरापासून सुरू होतं.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ तीन वर्षं घरून गोडा मसाला, मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी विकतो. आता दोन दुकानदार माल ठेवायला तयार आहेत. नाव सासूबाईंचं ठेवलं आहे. नावात ‘ळ’ आहे, तो हिंदी गिऱ्हाइकं ‘ल’ वाचतात. भाच्याने लोगो करून दिला आहे. त्यात चूल, उगवता सूर्य, नथ घातलेली बाई, मिरच्यांचा वेल आणि खाली मराठीत नाव असं आहे. सात रंग आहेत. छापणारे म्हणतात, गुजराती पाहिजे, इंग्रजीही पाहिजे. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या डब्यांवर अजून चिकटलेल्या आहेत. तसंच काही आपलेपणाचं पुड्यावर दिसावं असं वाटतं. — मांजलपूर, बडोदे

उत्तर : तुमच्या पत्राची शेवटची दोन वाक्यं मी दोनदा वाचली. तुमचा लोगो डब्यांवर आधीच चिकटलेला आहे.

त्या चिठ्ठ्या सोडवायला जाऊ नका, कागद फाटेल. डबा खिडकीपाशी ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका आणि अगदी समोरून फोटो काढा. शेजारी शाळेतली पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. ‘मेतकूट’, ‘भाजणी’, ‘धने’, ‘दगडफूल’ अशी त्यांच्या हातची जेवढी अक्षरं मिळतील तेवढी गोळा करा. त्यांच्या नावातलं एखादं अक्षर त्यात सापडलं नाही, तर जुन्या पत्रांत, हिशेबाच्या वह्यांत, हळदीकुंकवाच्या याद्यांत शोधा. पुड्यावर त्यांचं नाव त्यांच्याच अक्षरात येऊ दे. अक्षर वाकडं असलं तरी सरळ करू नका. फार तर दोन अक्षरांमधलं अंतर जरा सारखं करा आणि जिथे शाई फुटली आहे तिथे कड स्वच्छ करा. त्याहून जास्त हात लावलात तर ते त्यांचं राहणार नाही.

भाच्याने प्रेमाने काम केलं आहे, तसं त्याला सांगा. मग त्याच्यासमोर एक परीक्षा करा. त्याचा लोगो दोन सेंटिमीटर रुंदीचा करून काळ्यापांढऱ्यात झेरॉक्स काढा. नथीचे मोती एकमेकांत मिसळून ठिपका होईल, वेल म्हणजे कुरतडलेला दोरा दिसेल आणि चूल कुठली, सूर्य कुठला ते सांगावं लागेल. मग सासूबाईंच्या हातचं नाव तेवढंच लहान करा. ते वाचता येईल. तुमचा माल ज्या शंभर ग्रॅमच्या पुडीत जाणार आहे, तिच्यावर लोगोला जागा एवढीच मिळणार आहे.

सात रंगांचा खर्चही समजून घ्या. मोठ्या संख्येने पाऊच छापतात ते ग्रॅव्ह्युअर नावाच्या छपाईने, आणि तिथे प्रत्येक रंगाला एक स्वतंत्र सिलिंडर कोरावा लागतो. सात रंग म्हणजे सात सिलिंडर, आणि त्यांचे पैसे पहिली पुडी हातात येण्याआधी द्यायचे. तुमचं प्रमाण बघता साधं तयार पाऊच घ्या आणि त्यावर एका रंगातलं लेबल चिकटवा. गोड्या मसाल्याचा तो काळपट तपकिरी रंग आहे ना, तोच घ्या. हळदीचा पिवळा मोहात पाडतो, पण पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरं वाचता येत नाहीत.

आता लिपीचं. इथे मला जरा थांबू द्या, कारण बडोद्यात काम करणाऱ्याचा अर्धा जन्म यातच जातो.

आपली देवनागरी शिरोरेषेला लटकते, दोरीवर धोतरं वाळत घालावीत तशी. गुजरातीला शिरोरेषा नाही, तिची अक्षरं स्वतःच्या पायावर उभी असतात. म्हणून कितीतरी जण एक सोपी वाट धरतात. मराठी नाव टाइप करतात, वरची रेघ पुसतात आणि झालं गुजराती. ग, घ, त, न, म, य, व यांच्यापुरतं ते थोडंफार खपून जातं. पण गुजराती ख, च, ज, झ, ब आणि ल पूर्ण वेगळे आहेत. जी अक्षरं सारखी वाटतात त्यांचाही उभा दंड खाली उजवीकडे हलकेच वळलेला असतो. ते वळण नसलेलं अक्षर गुजराती माणूस वाचतो, पण त्याला ते परकं वाटतं. तुमच्या मांजलपूरच्या दुकानात पुडी उचलणारा हात बहुधा गुजरातीच असेल. त्याच्या लिपीचा मान ठेवा. गुजराती जाणणाऱ्या माणसाकडून चांगल्या गुजराती फॉन्टमध्ये नाव लावून घ्या आणि ते सासूबाईंच्या अक्षराखाली, साधारण त्याच्या एक तृतीयांश उंचीत बसवा. रेघ नसल्यामुळे गुजराती ओळ वरून मोकळी आणि जरा फिकी दिसते, म्हणून तिचं वजन एक पायरी जाड घ्या. मोजपट्टीने दोन्ही सारखी असली, तरी डोळ्याला सारखी दिसत नाहीत.

इंग्रजी मागच्या बाजूला जाऊ दे. तिन्ही लिप्या सारख्याच मोठ्या छापल्या तर एकीकडेही नीट लक्ष जात नाही.

आणि ‘ळ’ बदलू नका. गुजरातीत ‘ळ’ आहे, तुमच्या शेजारणीला तो नीट म्हणता येतो. हिंदी गिऱ्हाईक ‘ल’ म्हणत असेल तर म्हणू दे, मसाला तेवढाच चांगला लागेल.

राहिल्या सक्तीच्या गोष्टी. अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक पाहिजे. चौकोनातला हिरवा गोल ठिपका पाहिजे, त्या चौकोनाची बाजू ठिपक्याच्या व्यासाच्या दुप्पट असते. वजन, किंमत, तारीख, पत्ता यांना आधी जागा आखा, मग उरलेल्या जागेत सजावट. बारकोड घेतलात तर भारतातला 890 ने सुरू होईल. त्याच्या रेघा लाल किंवा केशरी छापू नका. दुकानातल्या यंत्राचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघ दिसतच नाही. एका लोणच्याच्या लेबलावर मी स्वतः ही चूक केली होती आणि दोन हजार लेबलं पुन्हा माझ्या खर्चाने छापून दिली होती. नाव नोंदवायचं तर मसाला, मेतकूट आणि भाजणी ट्रेडमार्कच्या 30 व्या वर्गात येतात. पुढे लोणची काढलीत तर तो 29 वा वर्ग. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे वाढवता येते. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच छापायचा, आधी छापणं गुन्हा आहे. तोवर ‘टीएम’ चालतं.

पहिली लेबलं छापून आली की एक मला पाठवा. पुडीसकट पाठवलीत तर आनंदच आहे.

प्रश्न : फोनवर मी ‘ल’ आणि ‘श’ टाइप करतो, ते पुस्तकातल्यासारखे दिसत नाहीत. ‘ल’ हिंदी वळणाचा येतो. हे चूक आहे का? — ग्वाल्हेर

उत्तर : चूक म्हणता येणार नाही, पण आपलं नाही. मराठी ‘ल’ला दोन पाकळ्या असतात आणि मराठी ‘श’ला देठ असतो. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यातही हीच वळणं दिली आहेत. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत आहे, तिच्यात दोन्ही वळणांना एकच क्रमांक आहे, त्यामुळे कुठला चेहरा दिसायचा हे फॉन्टवर आणि मजकुराची भाषा काय लावली आहे त्यावर ठरतं. फॉन्टमध्ये मराठीची सोय असेल आणि भाषा मराठी निवडली असेल, तर पाकळीचा ‘ल’ आपोआप येतो. माझ्याकडे कुठलाही फॉन्ट आला की मी आधी ‘शाल’ टाइप करून बघते आणि मग ‘रावपुऱ्यात’. हिंदीला ‘ऱ्या’ लागत नाही, म्हणून तो घाईने केलेल्या फॉन्टमध्ये मोडतो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत फाइल उघडली तर पहिली वेलांटीसुद्धा अक्षराच्या पलीकडे उडी मारते. छापायला देण्याआधी मजकूर कर्व्जमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, बदला आणि कागदावर प्रूफ वाचा. स्क्रीनवर वाचलेलं प्रूफ मी वाचलेलं धरत नाही.

प्रश्न : ताई, मी इंदूरला एकटाच काम करतो, वय चोवीस. एका फरसाणवाल्यांना अकरा लोगो करून दाखवले. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून एक उचलला, पाटीवर लावला आणि निम्मे पैसे देऊन म्हणाले, ‘कल्पना आमची होती, तू फक्त काढलंस. आता कोरलची फाइल पाठव.’ लिहिलेलं काहीच नाही. काय करावं? — इंदूर

उत्तर : मला तुझा राग समजतो, कारण तो मी गिळलेला आहे. 2008 च्या सुमारास एका शाळेचं बोधचिन्ह मी केलं. बोलणं सगळं तोंडी झालं होतं. ते चिन्ह बसवर, गणवेशाच्या खिशावर, फाटकावर लागलं. उरलेले पैसे मागायला मी सहा वेळा गेले. दर वेळी बाकावर बसवून ठेवलं आणि सातव्यांदा मी गेले नाही. त्या रस्त्यावरून जाताना मुलांच्या खिशांवर ते चिन्ह दिसलं, की अजून घसा दाटतो. माझ्याकडे दाखवायला एक चिठोरंही नव्हतं.

कायदा काय म्हणतो ते आधी घे. कॉपीराइटचा कायदा 1957 चा आहे. त्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे ज्याने निर्मिती केली तो पहिला मालक. पगारी नोकरीत असताना काम केलं असेल तर ते मालकाचं. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र यांना वेगळा नियम आहे, पण लोगोचं नाव त्या यादीत नाही. ‘कल्पना आमची’ हे म्हणणं फार टिकत नाही, कारण हक्क कल्पनेला मिळत नाही, ती जशी रेखाटली त्या रूपाला मिळतो. 19 वं कलम सांगतं, की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो आणि त्यावर सही लागते. मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरता दिला असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता.

हे त्यांना शांतपणे सांग आणि त्यात त्यांचा फायदा कुठे आहे तेही दाखव. उद्या त्यांनी दुसऱ्या गावात दुकान काढलं, कुणी त्यांच्या लोगोची नक्कल केली, तर ‘हा आमचा’ म्हणायला त्यांच्याकडे कागद नाही. तो कागद तू देऊ शकतोस. एक पानी पत्र कर. लोगोचं चित्र, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी मिळाल्या दिवसापासून सर्व हक्क कायमचे आणि सगळीकडे वापरण्यासाठी त्यांच्याकडे, अशा चार ओळी पुरतात. खाली दोघांच्या सह्या. बाकी आणि सही एका बैठकीत होऊ दे, आणि तिथेच पेन ड्राइव्हवर फाइल दे. नसतील देत तर वकिलाकडून एक नोटीस जाऊ दे. तुझे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, तारखेसकट मूळ फाइली आणि पेन्सिलची कच्ची रेखाटनं जपून ठेव. चोळामोळा केलेला कागदसुद्धा फेकू नकोस, त्यावरून काम कोणाच्या हातून झालं ते कळतं.

आता तुझ्या चुकीबद्दल, मोठ्या बहिणीच्या नात्याने. अकरा पर्याय कशाला दाखवलेस? अकरा पर्याय दाखवणाऱ्याला स्वतःला काय पटलंय ते ठाऊक नाही, असं समोरच्याला वाटतं आणि मग तो भाजी निवडावी तसं निवडतो. दुकानात दोन दिवस उभा राहा. गिऱ्हाईक काय म्हणून मागतं ते ऐक, पुडी कशी बांधतात ते बघ. तेलकट हातांनी धरलेल्या कागदावर काय टिकेल ते तिथेच समजेल. मग दोन दाखव, फार तर तीन, आणि त्यातला कुठला का घ्यावा ते तूच सांग. निम्मे पैसे पेन्सिल उचलण्याआधी घे. व्हॉट्सअ‍ॅपवर मोठं, स्वच्छ चित्र कधी पाठवू नकोस. मी अजूनही प्रिंट काढून पिशवीत घालून जाते आणि समोर बसून दाखवते. त्यांच्या चेहऱ्यावर जे पहिल्या तीन सेकंदांत दिसतं, ते फोनवर कळत नाही.

प्रश्न : रावपुऱ्यात आमचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे, आजोबांनी 1961 साली काढलेलं. पाटी तेव्हाचीच, पत्र्यावर ऑइलपेंटने रंगवलेली, वर मराठी आणि खाली गुजराती. ‘बडोदें’ असं अनुस्वार देऊन लिहिलं आहे. मुलगा म्हणतो ती उतरवू, एलईडीची ॲक्रिलिक पाटी लावू, नवा लोगो करू. वडील बोलत नाहीत, पण जेवत नाहीत. — रावपुरा, बडोदे

उत्तर : परवा संध्याकाळी मी येऊन पाटी बघून गेले. तुम्ही गिऱ्हाइकांत होतात, म्हणून हाक मारली नाही.

त्या अनुस्वाराबद्दल मुलाला सांगा. साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले 1962 मध्ये आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तुमची पाटी त्याच्या आदल्या वर्षीची. ‘बडोदें’ हे त्या काळचं अगदी शुद्ध मराठी आहे आणि ते आता रस्त्यावर तुमच्याकडेच उरलं आहे. गुजरात राज्य झालं 1 मे 1960 ला. म्हणजे राज्य होऊन वर्ष होत असताना तुमच्या आजोबांनी दोन्ही लिप्या एका पत्र्यावर मांडल्या, आणि त्यांच्यामध्ये एक रेघसुद्धा ओढली नाही.

रंगवणाराही कसलेल्या हाताचा माणूस होता. ‘पूजा’मधल्या ‘पू’चा ऊकार बघा, तो पुढच्या ‘जा’खाली सरकवून बसवला आहे. गुजराती ओळीतही जाडी तशीच घटतवाढत गेली आहे, म्हणजे त्याने दोन्हीकडे एकच ब्रश त्याच कोनात धरला. मला अक्षर शिकवलं ते तुमच्याच भागातल्या एका पेंटर काकांनी. ते दोऱ्याला खडूची पूड लावून, दोन टोकं ताणून, टपकन रेघ उमटवत. मोठी अक्षरं आधी कागदावर काढत, कडेने सुईने भोकं पाडत आणि वरून भुकटीच्या पुडीने थापटत, त्याला खाका म्हणत. तुमच्या पाटीवर उजवीकडे वरच्या रंगाखाली खडूची ती रेघ अजून पुसट दिसते.

मुलाचंही म्हणणं मी टाकून देणार नाही. संध्याकाळी त्या गल्लीत खरंच अंधार असतो, पाटी दिसत नाही, आणि दुकान पुढे त्याला चालवायचं आहे. बदल म्हणजे अपमान, असं तुमच्या वडिलांनीही मानू नये. आपल्या गावची बँक ऑफ बडोदा बघा. सयाजीरावांनी ती 1908 मध्ये सुरू केली. 2005 मध्ये तिने चिन्ह बदललं, दोन ‘बी’ जोडून उगवत्या सूर्याचे किरण केले, केशरी-लाल रंग घेतला. नाव मात्र जसंच्या तसं ठेवलं. गाव कागदोपत्री वडोदरा झालं, तरी बँक अजून बडोद्याचीच आहे.

तेव्हा मी असं करीन. पाटी जागेवरच राहू दे. वर दोन दिवे लावा, पिवळट उजेडाचे आणि पत्र्यावर तिरके पडतील असे. पाण्याने पुसू नका, कोरड्या मऊ फडक्याने धूळ झाडा. गंज धरलेला डावा खालचा कोपरा तेवढा पेंटरकडून सांभाळून घ्या, अक्षराला हात न लावता. शिडी लावून, पाटीच्याच उंचीवरून, सकाळच्या उजेडात सरळ फोटो काढा. त्यावरून अक्षरं नीट ट्रेस केली, की तोच तुमचा लोगो. पावती, कापडी पिशवी, कापराची डबी, फोनवरचं छोटं चित्र, सगळीकडे तो जाईल. मुलाला एलईडी हवीच असेल, तर आत काउंटरमागच्या भिंतीवर फक्त दुकानाचं नाव लावू. ॲक्रिलिकच्या अक्षरात दिवे मावायला दंड जाड करावे लागतात, आणि मग जोडाक्षरांची पोटं भरून जातात. म्हणून तिथे अक्षरांच्या मागे दिवे ठेवून भिंतीवर उजेड पाडावा, अक्षर स्वतः काळं राहू द्यावं. हे काम मी करीन. मुलाला माझ्याकडे पाठवा, तो आणि मी मिळून ट्रेस करू. एकदा त्या ऊकाराच्या कडेने माउस फिरवला की त्याला आजोबा भेटतील.

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. तिला फाइन आर्ट्सला जाऊन ॲप्लाइड आर्ट्स करायचं आहे. नातेवाईक विचारतात, चित्रं काढून पोट भरतं का? — कारेलीबाग, बडोदे

उत्तर : भरतं. माझं घर त्यावर चाललं आहे, मुलाचं शिक्षण त्यावर झालं आहे. महिन्याला ठरलेला आकडा येत नाही, हे मात्र तिला आधीच सांगा. दिवाळीपूर्वी झोप मिळत नाही आणि मे महिन्यात फोन वाजत नाही. तुमच्या गावात 1950 पासून ही फॅकल्टी आहे, इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तिथे सोळा वर्षं शिकवत होते. त्याही आधी, 1890 मध्ये, सयाजीरावांनी कलाभवन काढलं होतं, तिथे शिकलेल्यांत दादासाहेब फाळके होते. लोक दुसऱ्या राज्यांतून इथे यायला धडपडतात आणि तुमची मुलगी सायकलवरून जाणार आहे. या सुट्टीत तिला रोज एक पान हाताने अक्षरं काढायला सांगा, आणि एखाद्या प्रेसमध्ये आठ दिवस नुसती उभी राहू दे. तेवढं करूनही तिला हेच करायचं असेल, तर नातेवाइकांना माझा पत्ता द्या.

प्रश्न : लग्नाची, मुंजीची, बारशाची पत्रिका नातेवाईक ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणून फुकट मागतात. तुम्ही नाही कसं म्हणता? मला जमत नाही. — पुणे

उत्तर : मलाही सगळ्यांना नाही म्हणता येत नाही, आणि म्हणावं असंही वाटत नाही. धंद्याच्या कामाला मी पुरे पैसे घेते, मग तो सख्खा मामा का असेना. पण घरातल्या कार्याची पत्रिका वेगळी. तिथे मी दोन अटी घालते. मजकूर घरातल्या एका मोठ्या माणसाने वाचून, खाली सही करून द्यायचा. आणि छापायला गेल्यावर आत्याचं नाव राहिलं म्हणून फोन करायचा नाही. तुम्हीही अशा अटी घालून बघा. सही करायची म्हटलं, की लोक मजकूर खरंच वाचतात.

पाच मिनिटांचं काम म्हणतात त्याचं दुःख मला एके काळी व्हायचं. आता मी त्यांना जवळ बसवते. आडनावातला ‘र्डे’ फॉन्टमध्ये कसा मोडतो, ‘आप्तेष्ट’मधला ‘ष्ट’ कसा बसवायचा, गणपती सोनेरी छापला तर कुंकवाच्या लाल कागदावर का उठत नाही, हे त्यांच्यासमोर करते. तासाभराने ते स्वतःच चहा करून आणतात.

ज्या पेंटर काकांचा उल्लेख वर केला, त्यांच्या नातीचं लग्न मागच्या वैशाखात झालं. काकांचं वय ऐंशीच्या पुढे, हात कापतो. पत्रिकेचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, वरचं ‘श्रीगणेश प्रसन्न’ तुम्ही लिहायचं, त्याशिवाय मी करणार नाही. ते दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी नातीने त्यांचा जुना ब्रश घासलेटात भिजवून मऊ केला, पाटावर कागद ठेवला. त्यांनी डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवलं, पाटी रंगवताना टेकवायचे तसंच, आणि ‘श्री’चा पहिला फराटा ओढला. रेघ थरथरली. त्यांनी मान हलवून दुसरा कागद मागितला. दुसऱ्यावरही थरथरली. असे सात कागद झाले. मी सातवा घेतला आणि जसा होता तसा स्कॅन केला. त्या पत्रिकेचे पाचशे कागद प्रेसमध्ये मशीनवर चढले, तेव्हा प्रेसवाले भाई पहिला कागद उजेडात धरून बघत राहिले. ‘बेन, आ कोना अक्षर छे?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तो कागद गठ्ठ्यात परत ठेवला नाही, मशीनच्या वरच्या खिळ्याला लावला. मे महिन्यात मी प्रेसमध्ये गेले होते, तेव्हाही तो तिथेच होता.